पोटात बलून बसवावा का, आणि तो काढल्यानंतर काय?

प्रश्न

नमस्कार. माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) ३४ आहे. गुडघे दुखतात, झोपेत श्वास अडत असल्याचे तपासणीत निष्पन्न झाले आहे आणि रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे. आहारावर नियंत्रण ठेवून आणि व्यायाम करून मी आजवर अनेकदा वजन उतरवले, परंतु दर वेळी ते परत आले आणि पूर्वीपेक्षा थोडे जास्तच झाले. त्यामुळे "मनावर घेतले की जमते" हा सल्ला आता ऐकवत नाही.

बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेची माहिती मी घेतली आहे, पण जठराचा मोठा भाग कायमचा काढून टाकायला मन धजावत नाही. माझ्या पोटविकारतज्ज्ञांनी जठरात बलून बसवण्याचा पर्याय सुचवला आहे. त्यांनी घाई केलेली नाही आणि विचार करायला पुरेसा वेळ दिला आहे, पण मी जे वाचते आहे त्याने गोंधळ वाढतो आहे. एका ठिकाणी हा उपचार अगदी निर्धोक असल्याचे लिहिलेले असते, तर दुसऱ्या ठिकाणी मृत्यूंची आकडेवारी दिलेली असते.

बलूनमुळे प्रत्यक्षात किती वजन उतरते आणि तो काढल्यावर त्यातले किती टिकते, हे मला समजून घ्यायचे आहे. गिळायचा बलून आणि एन्डोस्कोपीने (तोंडावाटे कॅमेऱ्याची नळी घालून) बसवायचा बलून यांत काय निवडावे, तो आत फुटला तर काय होते, आणि वजन कमी करणारी इंजेक्शने उपलब्ध असताना बलूनला काही अर्थ उरतो का, हेही कळले तर बरे होईल. ज्यांनी हा उपचार घेतला आहे त्यांचे पहिले काही दिवस कसे गेले, हेही कृपया लिहावे.

पहिले उत्तर (पोटविकारतज्ज्ञ)

मी एन्डोस्कोपी करतो आणि बलून बसवण्याचे व काढण्याचे काम माझ्या नेहमीच्या कामाचा भाग आहे. त्यामुळे माझे मत पूर्णपणे तटस्थ आहे असे मानू नका, पण जे ठामपणे माहीत आहे तेवढेच लिहितो.

बलून दोन गोष्टी करतो. तो जठरातील जागा व्यापतो, त्यामुळे थोड्या अन्नाने जठराची भिंत ताणली जाते आणि पोट भरल्याचा संदेश व्हेगस मज्जातंतूमार्फत मेंदूकडे लवकर जातो. दुसरे म्हणजे जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो, त्यामुळे खाल्लेले अन्न पोटात अधिक वेळ राहते. माझ्या मते या दुसऱ्या कारणाचा वाटा पहिल्याइतकाच मोठा आहे, कारण ज्यांचे जठर बलूनमुळे अधिक मंदावते त्यांचे वजन सहसा अधिक उतरते. मात्र पहिल्या आठवड्यात उलट्यांचा त्रासही त्यांनाच जास्त होतो. बलून पचनात किंवा अन्नाच्या शोषणात ढवळाढवळ करत नाही, आणि शरीराची वजनाबद्दलची मूळ यंत्रणा तो बदलत नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण वजन परत येण्याच्या तुमच्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे.

ही कल्पना नवी नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत गॅरेन-एडवर्ड्स नावाच्या बलूनला मान्यता मिळाली होती. तो हवेने भरलेला, नळकांड्याच्या आकाराचा होता आणि त्याला कडा होत्या. त्याने जठराच्या आतील अस्तराला इजा झाली, काहींमध्ये तो आपोआप रिकामा होऊन आतड्यात अडकला, आणि खोट्या प्रक्रियेशी तुलना करणाऱ्या चाचण्यांत तो आहार नियंत्रणापेक्षा फारसा सरस ठरला नाही. काही वर्षांतच त्याचा वापर थांबला. १९८७ मध्ये फ्लोरिडातील टार्पन स्प्रिंग्ज येथे तज्ज्ञांनी एकत्र येऊन चांगला बलून कसा असावा हे ठरवले: गुळगुळीत, सांधा नसलेला, टिकाऊ, द्रवाने भरता येणारा आणि क्ष-किरणात दिसेल अशी खूण असलेला. आजचे सिलिकॉनचे गोल बलून बहुतांशी त्याच विचारातून आलेले आहेत. त्यांतला सर्वाधिक अभ्यासलेला म्हणजे ऑर्बेरा. तो ४०० ते ७०० मिलिलिटर सलाइनने भरतात आणि सहा महिन्यांनी काढतात. अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये बीएमआय ३० ते ४० असलेल्यांसाठी मान्यता मिळाली. तुमचा बीएमआय या मर्यादेत बसतो.

आता आकडे. ज्या चाचणीवर ही मान्यता दिली गेली, त्यात बलून घेतलेल्यांचे वजन सहा महिन्यांत सरासरी १०.२ टक्के उतरले, तर केवळ आहार-व्यायामाचे मार्गदर्शन घेतलेल्यांचे ३.३ टक्के. बलून काढल्यानंतर तीन महिन्यांनी उतरलेल्या वजनाचा बराचसा भाग टिकून होता. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सहा महिन्यांना सुमारे १३ टक्के आणि एका वर्षाला, म्हणजे बलून काढून सहा महिने झाल्यावर, सुमारे ११ टक्के अशी सरासरी दिसते. म्हणजे १०० किलो वजन असलेल्या व्यक्तीने साधारण १० ते १३ किलोची अपेक्षा ठेवावी. याहून पुष्कळ जास्त उतरलेलेही भेटतील आणि जवळपास काहीच न उतरलेलेही भेटतील. जाहिरातीत पहिले भेटतात, दुसरे भेटत नाहीत.

दहा टक्के हा आकडा ऐकायला लहान वाटतो, पण तुमच्या गुडघ्यांसाठी, श्वास अडण्याच्या त्रासासाठी आणि साखरेसाठी तो लहान नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तीला तर याहून कमी घट झाली तरी फायदा होतो.

गिळायच्या बलूनबद्दल लिहितो. अल्युरियन, ज्याचे आधीचे नाव एलिप्स होते, तो गुंडाळून कॅप्सूलमध्ये ठेवलेला असतो आणि त्याला बारीक नळी जोडलेली असते. रुग्ण तो पाण्याबरोबर गिळतो, क्ष-किरणाने तो जठरात पोहोचल्याची खात्री केली जाते, नळीतून सुमारे ५५० मिलिलिटर द्रव भरला जातो आणि नळी ओढून काढली जाते. भूल द्यावी लागत नाही. साधारण सोळा आठवड्यांनी त्यातील झडप आपोआप उघडते, बलून रिकामा होतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. सोय मोठी आहे, हे मान्यच आहे. मात्र एन्डोस्कोपी टळते तेव्हा जठराच्या आत डोकावून पाहण्याची संधीही टळते. लक्षणे न देणारा अल्सर किंवा मोठा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीच्या पोकळीत सरकणे) असेल तर तो बलून बसवण्याआधी कळायला हवा. शिवाय बलून रिकामा होऊन आतड्यातून जाणे हा इथे अपघात नसून रचनेचाच भाग आहे. तो बहुतेकांमध्ये विनासायास पार पडतो, तरी क्वचित अडथळा येऊन शस्त्रक्रिया करावी लागते. बलून सहन न होऊन मुदतीआधी काढायची वेळ आली, तर शेवटी एन्डोस्कोपी करावीच लागते. मी स्वतः गिळायच्या बलूनला विरोध करत नाही, पण तो निवडणाऱ्याने आधी एकदा एन्डोस्कोपी करून घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

स्पॅट्झ नावाचा आणखी एक प्रकार आहे, ज्यातील द्रव मधल्या काळात कमी-जास्त करता येतो. सुरुवातीला फार त्रास झाला तर तो थोडा रिकामा करता येतो आणि काही महिन्यांनी परिणाम ओसरू लागला तर वाढवता येतो. कल्पना चांगली आहे, पण बदल करायचा म्हणजे पुन्हा एन्डोस्कोपी आली.

धोक्यांबद्दल तुम्ही वाचलेल्या दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत. २०१५ च्या त्या विश्लेषणात जठराला छिद्र पडण्याचे प्रमाण ०.१ टक्का आणि मृत्यूचे प्रमाण ०.०८ टक्का होते. छिद्र पडलेल्यांपैकी निम्म्यांच्या जठरावर आधी शस्त्रक्रिया झालेली होती, म्हणून पूर्वी जठरावर शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला बलून बसवत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दोन विशिष्ट त्रासांबद्दल सावध केले. एक म्हणजे बलून आत आपोआप अधिक फुगणे आणि दुसरा म्हणजे बलूनच्या दाबामुळे स्वादुपिंडाला सूज येणे. २०१८ पर्यंत द्रवाने भरलेल्या बलूनच्या रुग्णांपैकी, २०१६ पासून जगभरात झालेल्या बारा मृत्यूंची नोंद त्या प्रशासनाकडे झाली होती. बलून बसवलेल्यांच्या एकूण संख्येच्या मानाने हे प्रमाण अल्प आहे, पण ज्या उपचाराची गरज जीव वाचवण्यासाठी तातडीने पडलेली नाही, त्याच्या बाबतीत अल्प धोकाही रुग्णाला आधी आणि नीट सांगितला गेला पाहिजे. पोट अचानक फुगणे, आधी थांबलेल्या उलट्या पुन्हा सुरू होणे, पाठीपर्यंत जाणारी तीव्र कळ, काळी शौच किंवा ताप यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका.

आणि बलून फुटणे. द्रवाने भरलेल्या बलूनमध्ये अनेकदा मिथिलीन ब्लू हा निळा रंग मिसळतात. गळती झाली तर रंग रक्तात शोषला जातो आणि लघवी हिरवी-निळी होते. तसे दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचे, कारण रिकामा बलून जठरातून पुढे सरकून आतड्यात अडकण्याआधी बाहेर काढता येतो. तो मोठा आवाज होऊन वगैरे फुटत नाही. हळूहळू गळतो, आणि पुष्कळदा रुग्णाला पहिली जाणीव होते ती भूक एकाएकी वाढल्याची.

दुसरे उत्तर (उपचार घेतलेले)

ताई, तुम्ही पहिल्या दिवसांबद्दल विचारले आहे, म्हणून लिहितो. मी एन्डोस्कोपीने बसवायचा बलून घेतला होता. प्रक्रिया गुंगीत झाली आणि तिचे मला काहीच आठवत नाही. खरा त्रास संध्याकाळी सुरू झाला.

छातीच्या खाली, डाव्या बाजूला, आतून कोणीतरी मूठ आवळून धरल्यासारखी कळ यायची, ओसरायची आणि पुन्हा यायची. उमासे येत, पण पोटात काही नसल्यामुळे बाहेर फक्त लाळ आणि पित्त पडे. आडवे झाले की बलून वर सरकल्यासारखे वाटे, म्हणून उशा रचून अर्धवट बसूनच झोपलो. पाणी घोटाने पिणे शक्यच नव्हते. लहान वाटीत पाणी घेऊन चमच्याने, मधे थांबत थांबत, ओठ ओले करावेत तसे घ्यावे लागे. परिचारिकेने लघवीच्या रंगावर आणि प्रमाणावर लक्ष ठेवायला सांगितले होते. रंग गडद होऊ लागल्यावर मला परत बोलावून सलाइन लावले आणि शिरेतून उलटीचे औषध दिले, त्यानंतर फरक पडला. हा त्रास बहुतेकांना तीन दिवसांपासून आठवड्यापर्यंत होतो असे मला आधीच सांगितले होते, आणि ते आधी सांगितलेले असल्यामुळेच मी घाबरलो नाही. बलून बसवण्याच्या आधीपासून उलटीचे औषध सुरू करतात की नाही, हे तुमच्या डॉक्टरांना अवश्य विचारा. त्या आठवड्यात कामावर जाण्याचा किंवा घरातील कोणाची जबाबदारी घेण्याचा बेत ठेवू नका.

पहिले दिवस केवळ पातळ द्रव, मग दाट द्रव, मग मऊ अन्न आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून नेहमीचे अन्न, असा क्रम होता. महिनाभराने मला बलूनची जाणीव केवळ पालथे झोपल्यावर किंवा घाईने खाल्ल्यावर होई. एक घास जास्त झाला की तो जास्त झाल्याचे लगेच कळे; ही जाणीव मला आयुष्यात प्रथमच मिळत होती. दुर्गंधीयुक्त ढेकर मात्र बराच काळ येत राहिले. जेवणानंतर काही वेळाने थोडे पाणी पिऊन बलूनभोवती अडकलेले अन्नकण धुऊन काढण्याचा सल्ला मला उपयोगी पडला. अ‍ॅसिड कमी करणारी गोळी मात्र बलून असेपर्यंत एक दिवसही चुकवायची नाही, हे मला बजावून सांगितले होते.

माझे बहुतेक वजन पहिल्या तीन महिन्यांत उतरले. नंतर बलून आत असूनही भूक हळूहळू परतू लागली. तेव्हा मला वाटले की बलून खराब झाला असावा, पण तपासणीत तो जसाच्या तसा होता. शरीर त्याला सरावते, असे डॉक्टरांनी समजावले. बलून काढल्यानंतरचे पहिले जेवण मला अजून आठवते, कारण पोट भरल्याचे कळतच नव्हते. वजन काही प्रमाणात परत आले आहे. सगळे आलेले नाही, आणि ते का आले नाही याचे श्रेय मी बलूनपेक्षा त्यानंतर वर्षभर सुरू ठेवलेल्या पाठपुराव्याला देतो.

तिसरे उत्तर

माझ्या पत्नीला बलून सहन झाला नाही आणि तो मुदतीच्या पुष्कळ आधी काढावा लागला. असे साधारण शंभरातील सात-आठ जणांच्या बाबतीत होते, हे आम्हाला नंतर कळले. काढावा लागला याबद्दल तक्रार नाही. जिथे बलून बसवला होता तिथला दूरध्वनी रात्री कोणी उचलला नाही, आणि आम्ही ज्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पोहोचलो तिथल्या डॉक्टरांना पोटात कोणता बलून आहे, तो किती भरलेला आहे आणि कधी बसवला हे आम्ही नेमके सांगू शकत नव्हतो. म्हणून सांगतो: बलूनचे नाव, भरलेल्या द्रवाचे प्रमाण, रंग मिसळला आहे की नाही आणि बसवल्याची तारीख एवढे लिहिलेले कार्ड मागून घ्या व ते सतत जवळ ठेवा. रात्री कोणाला संपर्क करायचा हे लेखी घ्या. ते देण्यास टाळाटाळ झाली तर तिथे बलून बसवू नका.

चौथे उत्तर (आहारतज्ज्ञ)

वरील सर्व उत्तरे वाचली. मी ज्या रुग्णांबरोबर काम करते त्यांच्याशी माझे पहिले बोलणे बलून बसवण्याआधी होते आणि त्यात मी बलून काढल्यानंतरच्या वर्षाबद्दलच अधिक बोलते, कारण त्या वर्षाची तयारी बलून आत असतानाच करावी लागते.

वजन परत येण्यामागे केवळ मनोबल कमी पडणे हे कारण नसते, ही गोष्ट मी फार आग्रहाने सांगते. वजन उतरले की शरीर भुकेची संप्रेरके वाढवते, तृप्तीची कमी करते आणि विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेचा खर्चही घटवते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी ऊर्जेच्या आहाराने वजन उतरवलेल्या व्यक्तींच्या संप्रेरकांतील हे बदल वर्षभरानंतरही टिकून असल्याचे आढळले. म्हणजे तुम्ही आजवर दर वेळी ज्याच्याशी झुंजत होता ती शरीराची प्रतिक्रिया होती. बलून असेपर्यंत जठरातील ताण त्या प्रतिक्रियेला काही प्रमाणात रोखून धरतो. बलून निघाला की ताण जातो, प्रतिक्रिया मात्र जागेवर असते. म्हणून "सहा महिन्यांत सवयी बदलतील आणि मग सर्व आपोआप होईल" हे गृहीतक मला पटत नाही. सवयी बदलणे आवश्यक आहे, पण अनेकांसाठी ते पुरेसे नसते, आणि पुरेसे ठरले नाही तर दोष रुग्णाच्या माथी मारला जातो.

प्रत्यक्षात मी काय पाहते ते लिहिते. बलून घट्ट अन्नाला अडवतो, द्रवाला फारसा अडवत नाही. गोड पेये, दाट दुधाळ पेये, आइस्क्रीम हे सर्व बलूनच्या बाजूने सहज खाली उतरते. ज्यांचे वजन दुसऱ्या महिन्यानंतर अडकते त्यांच्या आहाराच्या नोंदीत मला बहुतेक वेळा हेच सापडते, आणि ते लबाडीने घडत नाही; घट्ट अन्न त्रास देते म्हणून माणूस नकळत द्रवाकडे वळतो. यावर उपाय म्हणजे घास लहान करणे, चावणे वाढवणे आणि प्रथिने आधी खाणे. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात गेली नाहीत तर उतरणाऱ्या वजनात स्नायूंचा वाटा वाढतो, आणि गमावलेले स्नायू म्हणजे कमी झालेला ऊर्जेचा खर्च. त्याच कारणाने केवळ चालण्यावर समाधान न मानता स्नायूंना ताण देणारे व्यायाम, गुडघ्यांना सोसतील अशा बसून किंवा झोपून करायच्या प्रकारांनी का होईना, पहिल्या महिन्यानंतर सुरू करावेत. रोज एक बहुजीवनसत्त्वाची गोळी घ्यावी. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, तेव्हा जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊ लागली तर ती बलूनची आहे असे परस्पर ठरवू नये.

इंजेक्शनांबद्दल तुम्ही विचारले आहे. सेमाग्लुटाइडच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले, आणि टिर्झेपेटाइडच्या २०२२ मधील चाचणीत सर्वाधिक मात्रेवर ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. केवळ आकडे पाहिले तर बलून मागे पडतो, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. मात्र सेमाग्लुटाइड थांबवल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आल्याचेही त्याच रुग्णांच्या पुढील पाठपुराव्यात दिसले. म्हणजे बलून असो वा औषध, थांबवल्यावर काय हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच उभा राहतो. फरक इतकाच की औषध पुढे चालू ठेवता येते आणि बलून ठेवता येत नाही. ज्यांना औषधे सोसत नाहीत, ज्यांना ती घेण्यास वैद्यकीय मनाई आहे, किंवा ज्यांना गुडघ्याच्या अथवा अन्य शस्त्रक्रियेआधी ठरावीक मुदतीत वजन उतरवायचे आहे, त्यांच्यासाठी बलूनला आजही अर्थ आहे. बलून काढण्याच्या सुमारास औषध सुरू करून उतरलेले वजन टिकवण्याचा मार्गही अनेक डॉक्टर वापरतात. तुमच्या बाबतीत कोणता क्रम योग्य हे तुमचे डॉक्टर ठरवतील, पण तो क्रम बलून बसवण्याआधी ठरलेला असावा, एवढा आग्रह तुम्ही जरूर धरा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. आहारतज्ज्ञांनी दोष रुग्णाच्या माथी मारला जाण्याबद्दल लिहिलेले वाचून बरे वाटले. डॉक्टर, दोन गोष्टी मी मूळ प्रश्नात लिहिल्या नव्हत्या. मी नैराश्यासाठी सर्ट्रालीन घेते आणि गुडघ्यांसाठी अधूनमधून आयबुप्रोफेन घेते. यांचा बलूनशी काही संबंध येतो का?

पहिल्या उत्तरकर्त्या डॉक्टरांचे उत्तर

दोन्हींचा येतो, आणि विचारलेत ते फार चांगले केलेत.

आयबुप्रोफेन आणि त्या गटातील इतर वेदनाशामक औषधे बलून असताना घेता येत नाहीत. बलून जठराच्या अस्तराला सतत घासत असतो आणि ही औषधे त्या अस्तराचे संरक्षण कमी करतात. दोन्ही एकत्र आले की अल्सर आणि रक्तस्राव यांची शक्यता वाढते. अ‍ॅसिड कमी करणारी गोळी चालू आहे म्हणून आयबुप्रोफेन चालेल, असा अर्थ काढू नका. वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि फिजिओथेरपी यांवर सहा महिने निभावेल का, हे आधीच अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा. निभावणार नसेल तर बलून तुमच्यासाठी नाही. हाच नियम रक्त पातळ करणाऱ्या औषधांना लागू आहे. तुम्ही ती घेत असल्याचे लिहिलेले नाही, पण कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी नोंदवतो. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असतानाही बलून बसवत नाहीत. आणखी एक, मोठा हायटस हर्निया, अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा किंवा आतड्याचा दाहक विकार निघाला तरी विषय तिथेच संपतो.

सर्ट्रालीनचा प्रश्न मिथिलीन ब्लूमुळे येतो. हा रंग शरीरातील सेरोटोनिन या मज्जासंदेश वाहणाऱ्या रसायनाचे विघटन रोखतो, आणि सर्ट्रालीनसारखी औषधे सेरोटोनिनचा प्रभाव वाढवतात. दोन्ही मिळून सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो, ज्यात अस्वस्थता, थरथर, घाम, ताप आणि गोंधळ दिसतो. हा इशारा मुख्यतः शिरेतून दिलेल्या मिथिलीन ब्लूबद्दल आहे आणि बलूनमध्ये रंगाचे प्रमाण थोडे असते, तरी बलून गळल्यावर हा रंग तुमच्या शरीरात जाणार हे आधीच माहीत असताना तो मिसळण्याचे कारण नाही. रंगाशिवाय केवळ सलाइनने बलून भरता येतो. तसे केल्यास गळतीची हिरवी-निळी खूण मिळणार नाही, म्हणून भूक अचानक वाढली किंवा पोट एकदम हलके वाटू लागले तर सोनोग्राफी करून बलून जागेवर आहे का हे पाहावे लागेल. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांनाही हा रंग चालत नाही. उलटीसाठी वापरल्या जाणाऱ्या काही औषधांचा सर्ट्रालीनशी आणि हृदयाच्या ठोक्यांच्या लयीशी संबंध येतो, म्हणून आधी एक ईसीजी काढून घेणे योग्य ठरेल.

झोपेत श्वास अडण्याच्या त्रासाबद्दल बलून बसवताना आणि काढताना दोन्ही वेळा भूलतज्ज्ञांना सांगा. काढताना अधिक काळजी लागते, कारण मंदावलेल्या जठरात आदल्या दिवशीचे अन्न उरलेले असू शकते आणि गुंगीत ते श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणूनच काढण्याआधी एक ते तीन दिवस केवळ द्रव पदार्थ घ्यायला सांगतात. त्या सूचनेत सवलत घेऊ नका. श्वासासाठी रात्री यंत्र वापरत असाल तर ते रुग्णालयात बरोबर न्या.

सर्ट्रालीन मात्र स्वतःहून कमी किंवा बंद करू नका. बलूनचा निर्णय तुमच्या मनोविकारतज्ज्ञांच्याही कानावर घाला. पहिल्या आठवड्यात उलट्यांमुळे गोळी पोटात टिकली नाही तर काय करायचे, हे त्यांच्याकडून आधीच लिहून घ्या आणि तो कागद बलूनच्या कार्डाबरोबर ठेवा.